शिंक झाकावी, दाबू नये
क्षवथु-वेगधारणाविषयी काही चिकित्सोपयोगी विचार

ठाण्याच्या बाळकुमवरून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले, की खाडीपूल ओलांडताच कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा सारा पट्टा गोदामांचा. आणि भिवंडी शहर तर यंत्रमागांचे. पुठ्ठ्यांच्या खोक्यांवरची धूळ, रस्त्यावरच्या अवजड वाहनांचा धूर आणि मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू यांच्या सान्निध्यात येथील श्रमिकांचा दिवस जातो. अशा ठिकाणी शिंक येणे इतके नित्याचे, की रुग्ण ती तक्रार म्हणून सांगतच नाही. ‘डोके जड आहे’, ‘मान धरली आहे’, ‘कानांत दडे बसतात’ असे तो सांगतो. परंतु आलेली शिंक तो दिवसातून कितीदा दाबतो, हे तो सांगत नाही आणि आपणही सहसा विचारत नाही. हा एक प्रश्न आपल्या रुग्णपरीक्षणात नियमाने यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिंक का दाबली जाते?

समोर मालक किंवा गिऱ्हाईक उभे असते. भरलेल्या रिक्षात शेजाऱ्याचा खांदा आपल्या तोंडाशी असतो. घरातून कोणी शुभकार्यास निघालेले असते आणि आपल्या शिंकेने अपशकुन होईल ही भीती असते. एखादे काम अडले की ‘कुठे माशी शिंकली?’ असे आपण सहज म्हणतो. दुसरीकडे, लहान मूल शिंकले की घरातील वडीलधारी माणसे ‘शतंजीव’ म्हणतात. शिंकणाऱ्यास दीर्घायुष्य चिंतण्याची ही रीत फार जुनी आहे. भगवान बुद्धांना प्रवचन करताना शिंक आली असता भिक्षूंनी असेच शुभचिंतन केल्याची कथा पाली वाङ्मयात आहे. म्हणजे एकाच शिंकेला आपल्या समाजाने आशीर्वादही दिला आणि दोषही दिला.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ पसरली आणि २०२० पासून कोविडची महामारी आली. तेव्हापासून या संकोचात संसर्गाच्या भयाची भर पडली. हे भय अनाठायी नव्हते. मात्र ‘तोंड झाकून शिंका’ या सूचनेचा अर्थ अनेकांनी ‘शिंकूच नका’ असा घेतला. घोटाळा आहे तो येथेच.

संहितांचा दृष्टिकोन

या दोन गोष्टी आपल्या आचार्यांनी स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, ‘न वेगान् धारणीय’ अध्यायात तेरा अधारणीय वेगांमध्ये क्षवथूची गणना आहे. लगेच पुढच्या, इंद्रियोपक्रमणीय अध्यायात सद्वृत्त सांगताना तोंड न झाकता जांभई, शिंक वा हास्य करू नये असा दंडक आहे. वाग्भटांनीही अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात तोंड झाकण्याचा शिष्टाचार आणि रोगानुत्पादनीय अध्यायात वेगधारणाचा निषेध असे दोन्ही सांगितले आहे. वेग अडवू नये हा स्वास्थ्याचा नियम. मुख झाकावे हा शिष्टाचाराचा नियम. दोहोंत विरोध मुळीच नाही.

क्षवथु-धारणाने चरकांनी मन्यास्तंभ, शिरःशूल, अर्दित, अर्धावभेदक व इंद्रियदौर्बल्य सांगितले आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रातील उदावर्त-प्रतिषेधात शिर, नेत्र, नासा व कर्ण यांचे विकार, तसेच कंठ व मुख भरल्यासारखे वाटणे आणि तीव्र तोद यांची नोंद केली आहे. वाग्भटांच्या मते क्षवथु हे प्राणवायूचे कर्म. त्याची गती अडली की ऊर्ध्वजत्रुगत लक्षणे दिसावीत, हे सुसंगतच आहे.

आणखी एक उल्लेख भिवंडीच्या वैद्यांस विशेष वाटावा. नासारोगांत क्षवथूचे वर्णन करताना सुश्रुतांनी दोषज व आगंतू असे दोन प्रकार सांगितले. आगंतू प्रकाराच्या कारणांत तीक्ष्ण द्रव्ये हुंगणे व सूर्याकडे पाहणे यांबरोबरच सूत, म्हणजे धागा, नाकातील नाजूक भागास लागणे हेही कारण दिले आहे. तेजस्वी प्रकाशाने काही व्यक्तींना शिंक येते, हे आधुनिक शास्त्रासही मान्य आहे.

आधुनिक निरीक्षणे

नाक चिमटीत धरून तोंडही मिटले, की बाहेर पडू पाहणारी हवा आतच कोंडते आणि श्वसनमार्गातील दाब नेहमीच्या शिंकेच्या सुमारे वीसपटीपर्यंत वाढू शकतो. इंग्लंडमधील लेस्टर येथे एका ३४ वर्षांच्या तरुणाने अशीच शिंक रोखली. मानेत काही फुटल्यासारखे जाणवले, गिळताना वेदना झाल्या आणि आवाज जवळजवळ गेला. त्याच्या घशाला छिद्र पडले होते. रुग्णालयात नळीने अन्न द्यावे लागले. हे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून दुसरी नोंद आली. मोटार चालविताना शिंक दाबल्याने तिशीतील एका पुरुषाच्या श्वासनलिकेस २ × २ मिलिमीटरची चीर पडली होती. शस्त्रक्रियेवाचून पाच आठवड्यांत ती भरून आली.

अशा घटना अत्यंत विरळ आहेत, हे रुग्णास सांगितलेच पाहिजे. भय दाखविणे हे वैद्याचे काम नव्हे. परंतु शिंक दाबल्यानंतर मान सुजली, त्वचेखाली दाबल्यावर करकर जाणवली, आवाज बदलला किंवा छातीत वेदना झाली, तर औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. तसेच, तोंड अचानक वाकडे झाले असता ‘अर्दित, वेगधारणजन्य’ एवढ्यावर समाधान मानू नये. तो पक्षाघाताचा आरंभ असू शकतो. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

चिकित्सा आणि औषधविक्रेत्यांची भूमिका

चरकांनी ऊर्ध्वजत्रुभागी अभ्यंग, स्वेद, धूम व नावन, वातघ्न आहार आणि भोजनोत्तर घृतपान असा क्रम दिला आहे. नित्य धुळीत वावरणाऱ्यास अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब, उपयुक्त ठरते. मात्र नव प्रतिश्यायात नस्य वर्ज्य आहे, हे विसरू नये. तमकश्वासाच्या रुग्णास धूम देऊ नये. अडलेली शिंक येण्यासाठी वाग्भटांनी सूर्यदर्शनही सांगितले आहे. परंतु सूर्याकडे टक लावल्याने नेत्रपटलास इजा होते, म्हणून तो उपाय आज सांगू नये. निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा असल्याने कामाच्या जागी नाकावर मास्क वा स्वच्छ कापड हवेच. शिंकांबरोबर कामावर छाती आवळल्यासारखी होत असेल, तर फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.

औषधविक्रेत्यांकडे रुग्ण बहुधा आमच्याआधी पोहोचतो. बंद नाक मोकळे करणारे थेंब सलग अनेक दिवस वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते, हे त्यास सांगावे. मुद्दाम शिंका काढण्यासाठी तपकीर ओढण्याची सवयही परावृत्त करावी. ती तंबाखूच होय. वेग अडविणे आणि वेग बळाने उत्पन्न करणे, ही दोन्ही रोगांची मुळे आहेत, असे वाग्भटांनी एकत्रच सांगितले आहे.

गोदामात हात मोकळे नसतात. तेथे कोपराच्या आत तोंड घेऊन शिंकावे. शक्य असेल तेथे रुमाल वापरावा व नंतर हात धुवावेत. काहीही झाले तरी नाक आणि तोंड एकदम बंद करू नये. एवढे चार शब्द प्रत्येक चिकित्सालयात आणि प्रत्येक औषधालयाच्या काउंटरवर बोलले गेले, तर मान धरलेल्या आणि डोके जड झालेल्या काही रुग्णांना कदाचित औषधाची गरजही उरणार नाही.