खिशातली एनिग्मा

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने ज्या यंत्राच्या भरवशावर आपले हुकूम बिनतारी लहरींवर सोडले, ते एनिग्मा यंत्र साधारण बारा किलोचं. लाकडी पेटी, टाइपरायटरसारख्या कळा, कळांच्या मागे अक्षरांचे छोटे दिवे आणि झाकणाखाली एका दांडीवर ओवलेले तीन रोटर. आज ती यंत्रं संग्रहालयांत काचेआड असतात. आमच्या सेनगावहून तिथवर जायचं कुणाच्या मनात येणार? पण तंतोतंत तसंच चालणारं यंत्र साध्या अँड्रॉइड फोनवर उभं करता येतं. पायथनच्या शंभरेक ओळी लागतात, संगणकही लागत नाही. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन मी ते इथे करत आलो आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे: एनिग्माबद्दल वाचून जे कळत नाही ते ती बांधताना कळतं. तिचं बळ कुठे आहे आणि तिला भोक कुठे आहे, हे दोन्ही.

गुप्त लेखन मराठी मुलखाला नवं नाही. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर, अशी तिची रीत. पुढे सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखी लिपी आल्या. लीळाचरित्रासारखा आद्य गद्यग्रंथ त्यामुळे शतकानुशतकं पंथाबाहेर कुणाला वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे आणि महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांच्या खटपटीने ते दार उघडलं. अशी लिपी उलगडते, कारण तिच्यातली अदलाबदल पक्की असते. पहिल्या पानावर एका अक्षरासाठी जे चिन्ह आलं, तेच शेवटच्या पानावर येतं. मग कोणतं चिन्ह वारंवार दिसतं हे मोजत गेलं की भाषा आपोआप वर येते.

आर्थर शेर्बियुस या जर्मन अभियंत्याने १९१८ साली पेटंटसाठी अर्ज केला तो नेमका या दुखण्यावर इलाज म्हणून. त्याच्या यंत्रात प्रत्येक कळेगणिक अदलाबदलीचा तक्ता बदलतो. उजवा रोटर दर कळेला एक घर सरकतो. तो ठरलेल्या घरी आला की मधला सरकतो, मधला ठरलेल्या घरी आला की डावा. गाडीचे किलोमीटर मोजणारे आकडे फिरतात, जवळपास तसंच. म्हणून एकच अक्षर पाच वेळा दाबलं तरी पाच वेगळी अक्षरं बाहेर पडू शकतात.

फोनवर यंत्र बांधताना एका अक्षराचा प्रवास आधी कागदावर करायचा, हा माझा आग्रह असतो. डावीकडून पहिला, दुसरा, तिसरा असे रोटर लावा, बी नावाचा रिफ्लेक्टर घ्या, तिन्ही रोटर ए वर ठेवा. आता ए ही कळ दाबा. दिवा लागायच्या आधीच उजवा रोटर एक घर पुढे जातो. वीज त्यात ए म्हणून शिरते आणि सी म्हणून निघते. मधल्यात सीचा डी होतो, डावीकडच्यात डीचा एफ. पुढे रिफ्लेक्टर. तो फिरत नाही. त्याच्या आत तेरा तारांनी सव्वीस अक्षरांच्या तेरा जोड्या बांधलेल्या आहेत. एफची जोडी एसशी. तिथून वीज मागे वळते. डाव्या रोटरात एस शिरतो आणि एस म्हणूनच निघतो, मधल्यात त्याचा ई होतो, उजव्यात ईचा बी. बीचा दिवा लागला. पुन्हा ए दाबत राहिलं तर डी, झेड, जी, ओ. ए पाच वेळा दाबून बी, डी, झेड, जी, ओ आलं की तारा बरोबर जोडल्या गेल्या, अशी ही जगभर चालणारी चाचणी आहे. फोनच्या पडद्यावर ती पाच अक्षरं ओळीने उमटतात तेव्हा मुलं ओरडतात, आणि ते ओरडणं रास्त आहे.

पण ही चाचणी पास झाली म्हणजे यंत्र झालं असं नाही. नव्याने एनिग्मा लिहिणारा हमखास घसरतो तो मधल्या रोटरापाशी. रोटर पुढे ढकलायला तीन खिट्ट्या असतात. उजव्या रोटराची खिट्टी दर वेळी दात पकडते. मधल्याची खिट्टी उजव्या रोटराच्या कड्यावर टेकून असते. कड्यावरची खाच समोर आली तरच तिला दात सापडतो. डाव्याची खिट्टी तशीच मधल्याच्या खाचेची वाट बघते. ती त्या खाचेत पडली की डाव्याला ढकलते, पण खाचेच्या भिंतीला रेटून मधल्यालाही सोबत नेते. त्यामुळे मधला रोटर लागोपाठ दोन कळांना सरकतो. खिडक्यांत आधी ए-डी-यू दिसतं, मग ए-डी-व्ही, मग ए-ई-डब्ल्यू आणि लगेच पुढच्या कळेला बी-एफ-एक्स. डीचा ई, ईचा एफ. निव्वळ लोखंडाच्या रचनेतून आलेली ही लकब प्रोग्राममध्ये मुद्दाम एक अट घालून आणावी लागते. तिच्यापायी २६ × २६ × २६ म्हणजे १७,५७६ ऐवजी १६,९०० कळांनीच चक्र पुरं होतं. ज्या नकलेत ही अट नाही, ती नक्कल शेदीडशे अक्षरं बरोबर वाचेल आणि मग अचानक अगम्य बरळू लागेल.

लष्करी यंत्रात पुढच्या बाजूला प्लगबोर्ड होता. दहा तारांनी वीस अक्षरांच्या जोड्या अदलाबदल करायच्या. प्रोग्राममध्ये ही सर्वांत सोपी गोष्ट, पण शक्यता फुगवते ती हीच. पाचातून तीन रोटर निवडून त्यांचा क्रम लावायच्या ६० तऱ्हा, सुरुवातीच्या १७,५७६ जागा आणि प्लगबोर्डच्या जोडण्या धरल्या तर १५८ वर अठरा शून्यं इतक्या मांडण्या होतात. प्लगबोर्ड काढला तर उरतात १०,५४,५६०. इतक्या तर हातातला फोन एकेक करून तपासू शकतो.

आता भोक. रिफ्लेक्टर आला तो सोयीसाठी. वीज आली त्याच वाटेने परतते, म्हणून ज्या मांडणीत एचा बी होतो त्याच मांडणीत बीचा ए होतो. लिहिणारा आणि वाचणारा यांना एकच यंत्र, एकच मांडणी. खंदकात बसलेल्या शिपायाला कळ उलटी-सुलटी करायची कटकट नाही. पण रिफ्लेक्टरमध्ये कुठलंच अक्षर स्वतःशी जोडलेलं नसतं, म्हणून संपूर्ण यंत्रातून कुठलंच अक्षर स्वतः होऊन बाहेर पडत नाही. ए दाबला तर एचा दिवा कधीच लागणार नाही.

हे किती महागात पडलं ते मुलांना आमच्याकडच्या भाषेत दाखवता येतं. समजा कुणी रोज मोंढ्यातून हळदीचा भाव गुप्त संदेशाने पाठवतो आणि त्यात तेच वीस अक्षरी वाक्य येतं. ते वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून संदेशाखाली सरकवत जायचं. वरचं आणि खालचं एक जरी अक्षर जुळलं, तर ती जागा बाद. नुसत्या या नियमाने निम्म्याहून अधिक जागा गळतात, गणित करावं लागत नाही. जर्मनांचे रोजचे हवामानाचे संदेश असेच ठरीव शब्दांचे असत. पोलंडच्या मारियान रेयेव्स्की यांनी १९३२ च्या डिसेंबरात शुद्ध गणिताने रोटरांच्या आतल्या तारा हुडकून काढल्या होत्या. जुलै १९३९ मध्ये पोलंडने ते ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिलं. त्या पायावर ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत उलगडणाऱ्या केंद्रात ॲलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी बॉम्ब नावाची यंत्रं उभी केली, आणि त्यांना खाद्य मिळे ते असल्याच ओळखीच्या शब्दांचं. रेयेव्स्कींचं नाव ट्युरिंग यांच्याइतकं घेतलं जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इंग्रजी अक्षरांवर थांबायचं कारण नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा आहेत, आणि रिफ्लेक्टरच्या जोड्या लावायला सम संख्याच हवी असते. म्हणून १२८ घरांचे रोटर केले. तीन रोटरांच्या जागा एकदम २०,९७,१५२ झाल्या. गंमत संदेशात दिसते: काना-वेलांट्या स्वतंत्र खुणा असल्याने त्यांचीही अक्षरांसारखी अदलाबदल होते. ‘सेनगाव’ लिहिलं की कधी दोन मात्रा शेजारी येतात, कधी ओळीच्या सुरुवातीलाच उकार, आणि फोन बिचारा त्याला आधार म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ काढून देतो. उलट फिरवलं की सेनगाव जागेवर.

सध्या मुलं रिफ्लेक्टर काढून टाकलेली आवृत्ती लिहीत आहेत. अमेरिकेचं सिगाबा यंत्र रिफ्लेक्टरशिवाय चाले आणि युद्धभर ते कुणाला फोडता आलं नाही. या आवृत्तीत अक्षर स्वतःच्या रूपातही बाहेर पडू शकतं, त्यामुळे हळदीच्या भावाची पट्टी सरकवून काही हाती लागत नाही. मात्र आता ‘लिहा’ आणि ‘वाचा’ अशा दोन वेगळ्या कळा द्याव्या लागतात आणि वाचताना वीज तिन्ही रोटरांतून उलट दिशेने न्यावी लागते. परवा दोघी फोन घेऊन समोरासमोर बसल्या, दोघींनीही ‘लिहा’ दाबलं आणि दहा मिनिटं एकमेकींच्या मांडणीत चूक शोधत राहिल्या.