शाळारंभ आणि दत्तक पालक

• स्थळ : सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागायतीत वसलेले फैजपूर (तालुका यावल, जिल्हा जळगाव), डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रसभेचे (काँग्रेसचे) खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन येथलेच.

• प्रारंभ : विदर्भ वगळता राज्यातील शाळा साधारणतः जूनच्या मध्यास, म्हणजे ऐन पेरणीच्या हंगामात, जेव्हा शेतमजुराच्या हाती रोकड अल्प असते, तेव्हा उघडतात.

• दत्तक पालक : मुलाचे वास्तव्य व त्याच्या मातापित्यांचे हक्क अबाधित ठेवून जो केवळ शिक्षणखर्चाची जबाबदारी पत्करतो, तो दत्तक पालक, १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यान्वये होणारे दत्तकविधान याहून सर्वस्वी भिन्न.

• योजना : मुलींसाठी ‘सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना’, १९८३ पासून.

• सरकारी तरतूद : १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत विनामूल्य.

• उरलेला खर्च : वह्या, कंपासपेटी, दप्तर, पादत्राणे, छत्री.

• दाखला : १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार, वयाचा पुरावा नाही एवढ्याच सबबीवर सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही बालकास शाळाप्रवेश नाकारता येत नाही.