ब्रेक ऑइल गळतंय आणि गॅरेज लांब आहे, तेव्हा...

तायांनो, आमचूरचा हंगाम आला की आपल्या गटांच्या गोण्या धडगावकडून खाली नंदुरबारच्या बाजाराला निघतात. पिकअप भाड्याची, सोबत गटातल्या एक-दोघी, आणि वाटेत चांदसैलीचा घाट. घाटात गॅरेज नाही, कित्येक वळणांवर मोबाईलला रेंज नाही. अशा ठिकाणी ब्रेक ऑइल गळायला लागलं तर काय करायचं हे एकट्या ड्रायव्हर दादाला माहीत असून भागत नाही. माल आपला, भाडं आपण देतो आणि जीवही आपलाच आहे. बैठकीत विषय काढला तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, "मॅडम, गाडीतलं आम्हाला काय कळतं?" कळतं. वाचा तर खरं.

दवाखान्यातल्या दोन सिरिंज एका नळीने जोडल्या, आत पाणी भरलं आणि एकीचा दट्ट्या दाबला, तर दुसरीचा दट्ट्या वर येतो. ब्रेकचं काम असंच चालतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं पॅडल म्हणजे पहिली सिरिंज, चाकाजवळ दुसरी. मधल्या नळीत ब्रेक ऑइल असतं आणि पायाचा जोर तेच चाकापर्यंत नेतं. ऑइल गळून नळीत हवा शिरली, की पॅडल दाबल्यावर हवाच दबते, चाकाला जोर पोहोचत नाही. म्हणून पॅडल 'स्पंजासारखं' लागतं नाहीतर थेट खाली जातं.

हे ऑइल डिझेलसारखं जळून संपत नाही. बॉनेटखाली त्याची छोटी डबी असते, तिच्यावर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात. लायनर झिजले की पातळी हळूहळू थोडी उतरते, ते चालतं. पण आठवड्यापूर्वी भरलेली डबी आज खाली गेली असेल तर गळती आहे, दुसरं काही नाही. "टाकू थोडं वरून" असं दादा दर खेपेला म्हणत असतील तर त्या गाडीने माल पाठवू नका.

गळती ओळखायची कशी? चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ दिसतो, किंवा ड्रायव्हरच्या पायाजवळ ओलं होतं. ब्रेक ऑइल पिवळसर, पातळ आणि बोटाला बुळबुळीत लागतं. इंजिन ऑइल काळपट असतं आणि सहसा गाडीच्या पुढच्या भागाखाली पडतं. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. हात लावलात तर लगेच धुवा, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने धूत राहा. आणखी एक खूण म्हणजे समोरचा लाल दिवा. हॅण्डब्रेक ओढल्यावर लागतो तोच दिवा बहुतेक गाड्यांत ऑइल कमी झाल्यावरही लागतो. हॅण्डब्रेक सोडलेला असूनही तो पेटला तर "दादा, गाडी बाजूला घ्या" म्हणायला लाजू नका.

आता समजा, चालत्या गाडीत पॅडल खाली गेलं. दादांना करायचं ते असं: पॅडल भराभर पंप करायचं, थोडा दाब परत येऊ शकतो. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे दोन भाग वेगळे असतात, त्यामुळे एक गेला तरी दुसरा थोडं काम करतो, फक्त गाडी थांबायला खूप जास्त अंतर लागतं. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणत इंजिनाने वेग तोडायचा. मग हॅण्डब्रेक, तोही झटक्यात नाही, बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा. हॅण्डब्रेक बहुतेक गाड्यांत तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून तो शाबूत असतो. चावी बंद करायची नाही, स्टिअरिंग जड होतं. आणि काहीच जमलं नाही तर दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्यायची. आपण ओरडायचं नाही, उडी तर मुळीच मारायची नाही.

इथेच एक गोष्ट सांगते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे दादा आपल्याकडे आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. हे दिसलं तर स्पष्ट बोला. भांडण झालं तरी चालेल.

गाडी थांबली की आधी चाकांना मोठे दगड लावा, मग सगळ्यांनी खाली उतरा. गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहू नका, बाजूला रस्ता सोडून थांबा. मागच्या वळणाच्या अलीकडे झाडाच्या फांद्या ठेवा म्हणजे येणाऱ्याला कळेल.

मग प्रश्न येतो, आता न्यायची की नाही? गाडीत ऑइलची बाटली असेल तर डबीत भरून, पॅडल पंप करून, मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा. पॅडल हळूहळू खाली जात राहिलं तर गाडी हलवायची नाही. घट्ट राहिलं तर सपाट रस्त्यावर, माणसं उतरवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जवळच्या गावापर्यंत न्यायची. तेवढंच. घाट उतरायचा असेल तर माझं मत ठाम आहे: नाही. भरल्याने गळती थांबत नाही आणि आत गेलेली हवा मेकॅनिकनेच काढावी लागते.

बाटली नसली की कुणीतरी म्हणतंच, "पाणी टाका, गावापर्यंत जाईल." ब्रेक तापतात, पाणी १०० अंशाला उकळतं, त्याची वाफ होते आणि पॅडल पुन्हा पोकळ, तेही ऐन उतारावर. साबणाच्या पाण्याचंही तेच. गोडं तेल किंवा इंजिन ऑइल टाकलं तर आतली रबरं फुगतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाकायचं. फोडून ठेवलेली जुनी बाटली नको, ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं.

दोरीने ओढून न्यायलाही नाही म्हणा. मागच्या गाडीला ब्रेकच नाही, उतारावर ती पुढच्या गाडीवर जाणार. लोखंडी दांडा लावून, नाहीतर दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यायची.

घाई आपल्याला भावाची असते, हे मला माहीत आहे. पण आमचूर वाळलेला माल आहे, ताडपत्रीखाली एक रात्र राहिला तर सडत नाही. भाजी असेल तर दुसरी गाडी बोलवा, त्याचं भाडं कोण देणार हे गाडी ठरवतानाच बोलून ठरावात लिहून ठेवा. पिकअपच्या हौद्यात बसून जाणं तर कायद्यातच बसत नाही, तो विषय वेगळा लिहीन.

स्कूटी चालवणाऱ्या तायांनो, पुढे डिस्क ब्रेक असेल तर हॅण्डलवर तीच डबी छोट्या काचेची असते. लिव्हर मुठीला टेकत असेल तर मागच्या ब्रेकवर हळूहळू घरी या.

अडकलात तर ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर तो लागू शकतो. कुणाला लागलं असेल तर १०८. पुढच्या बैठकीला माल नेणारी पिकअप अंगणात उभी करायला सांगितली आहे, बॉनेट उघडून डबी सगळ्यांनी स्वतः बघायची.