लहान धावपट्टी, तापलेली हवा आणि विमानाचे उड्डाण

कोळशाच्या खाणींमुळे सर्वपरिचित असलेले बेल्लमपल्ली 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते तेलंगणातील मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. येथून दक्षिणेस गोदावरी ओलांडल्यावर बसंतनगरची जुनी धावपट्टी लागते, तर उत्तरेस महाराष्ट्रात चंद्रपूरजवळ मोरव्याची धावपट्टी आहे. मे महिन्यात या पट्ट्यात पारा अनेकदा 43 अंशांच्या पुढे जातो. माणसांना व जनावरांना असह्य होणारे हे ऊन विमानालाही जाचक ठरते, याची मात्र पुष्कळांना कल्पना नसते.

विमानाचे पंख हवेच्या आधारावर भार उचलतात. हवा तापली की ती विरळ होते. समुद्रसपाटीवर 15 अंश तापमानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1,225 ग्रॅम असते. 43 अंशांत ते सुमारे 1,115 ग्रॅमवर येते. त्यामुळे पंखांची उचल, पंख्याचा ओढा आणि इंजिनाची शक्ती ही तिन्ही एकाच वेळी घटतात. 200 मीटर उंचीवरील गावातून भर दुपारी निघालेले विमान जणू 1,200 मीटर उंचीच्या डोंगरावरून निघाल्यासारखे वागते.

हिशेब करून पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. वैमानिक-प्रशिक्षणात वापरले जाणारे सेसना 152 हे दोन आसनी विमान समुद्रसपाटीवर, साधारण तापमानात, स्थिर जागेपासून निघून 15 मीटर उंची गाठेपर्यंत सुमारे 400 मीटर अंतर घेते. तापमान 10 अंशांनी वाढले की हे अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढते, असा ठोकताळा आहे. कोरड्या गवताची धावपट्टी त्यात वीस टक्क्यांची भर घालते आणि वजन दहा टक्क्यांनी वाढल्यास आणखी वीस टक्क्यांची. ही वाढ एकावर एक चढत जाते. तापमान 30 अंशांनी अधिक, पट्टी गवताची व वजन जास्त असे असेल, तर 400 मीटरांचे साडेसातशेहून अधिक मीटर होतात. पाठीमागून वारा असल्यास तेही पुरत नाहीत.

धावपट्टीच्या पलीकडे काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथून भर दुपारी निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान धावपट्टीलगतच्या बीड मार्गावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले व पुढे विजेच्या तारांत सापडले. विमानातील 118 जणांपैकी 55 जणांना प्राण गमवावे लागले. विमान उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले गेले आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित झाली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. विमान मोठे होते. परंतु लहान विमानाला आणि आडगावच्या पट्टीला हाच धडा अधिकच लागू पडतो, कारण तेथे वाहतूक थांबविणारे कोणी नसण्याचा संभव अधिक असतो.

यास्तव वैमानिकाने पहाटेची थंड वेळ निवडावी, वजन मोजावे व वाऱ्याला सामोरे जाऊनच उड्डाण करावे. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग न आल्यास तेथेच थांबणे श्रेयस्कर. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास मागे वळण्याचा मोह टाळून समोरची मोकळी जागा गाठावी, असेच प्रशिक्षणात शिकविले जाते.

ग्रामस्थांचा वाटाही लहान नाही. पट्टीवर धान्य वाळत घालू नये, गुरे सोडू नयेत, तिच्या टोकाशी गंजी रचू नयेत आणि पक्षी जमतील असा कचरा टाकू नये. नव्या विद्युतवाहिन्या, मनोरे व रस्ते यांना परवानगी देताना अधिकाऱ्यांनी धावपट्टीची रेषा पाहणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी हवेचे वजन हा पाठ शिकविताना विमानाचे उदाहरण घेतल्यास मुलांना ती बाब सहज उमजेल. धावपट्टी वर्षातून मोजकेच दिवस वापरली जात असली, तरी आजारी माणसाला नेण्यासाठी विमान उतरण्याचा प्रसंग कोणत्याही दिवशी येऊ शकतो; त्या दिवशी ती मोकळी असली पाहिजे.