पोहत येणारं टपाल

पत्र्याचा एक डबा. आत पत्रं. झाकण इतकं पक्कं बंद केलेलं, की पाण्याचा थेंबही आत जाणार नाही. जहाजाच्या कठड्यावरून तो धप्पकन समुद्रात पडतो आणि लाटांवर डुलत राहतो. तेवढ्यात किनाऱ्याकडून काही माणसं पोहत त्याच्याकडे येतात. दोस्तांनो, हे तिथले पोस्टमन!

हे बेट प्रशांत महासागरात आहे. नाव नियुआफोऊ, देश टोंगा. नकाशात फिजी आणि सामोआ शोधा आणि दोघांच्या मधल्या निळ्या रंगात बारकाईने बघा. नाहीच सापडलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते आहेच चिमुकलं.

पण डबा का टाकायचा? जहाज किनाऱ्याला का लागत नाही? कारण हे बेट म्हणजे समुद्रातून वर डोकावणारं ज्वालामुखीचं तोंड आहे. मधोमध मोठं तळं आणि भोवती जमिनीचं कडं. बाहेरच्या अंगाला काळ्या लाव्हाचे उभे उतार पाण्यात शिरतात, आणि पाण्याखालीही तसेच खोल खोल जातात. जहाजाला थांबायचं तर नांगर टाकावा लागतो आणि नांगराला तळ लागतो. इथे किनाऱ्याजवळच समुद्र इतका खोल, की नांगर टेकणार कुठे? ना बंदर, ना धक्का.

१८८२ साली विल्यम ट्रॅव्हर्स नावाचे एक मळ्याचे व्यवस्थापक या बेटावर राहत होते. पत्रांवाचून ते अगदी कासावीस झाले. त्यांनीच ही युक्ती सुचवली: जाता जाता जहाजाने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टपाल बंद करून समुद्रात टाकावं, बेटावरचे पोहणारे ते घेऊन येतील.

डबा तरंगतो कसा, ते आकड्यांतच पाहू. किराणा दुकानातला १५ लिटरचा तेलाचा डबा आठवा. तो पूर्ण बुडवायचा तर त्याला १५ लिटर समुद्राचं पाणी बाजूला सारावं लागेल. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, म्हणून त्या पाण्याचं वजन भरतं साधारण साडेपंधरा किलो. आता डबा आणि पत्रं मिळून ५ किलोच असतील तर? तेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारलं की झालं! डब्याचा एक तृतीयांश भाग पाण्यात, बाकीचा वर.

पोहणाऱ्यांनाही आधार हवाच. ते फाऊ नावाच्या झाडाचा हलका, लांब ओंडका काखेत धरून पोहत. हे झाड जास्वंदीच्या कुळातलं, आपल्या कोकणात खाड्यांच्या काठीही सापडतं. बेटावरून जाणारी पत्रं तेलकट कागदात गुंडाळून काठीच्या टोकाला बांधायची आणि काठी पाण्यावर उंच धरून जहाजापर्यंत पोहायचं. एका हातात टपाल, खाली अथांग समुद्र! मला या माणसांचं फार फार कौतुक वाटतं.

जगभरच्या तिकीटसंग्राहकांना या टपालाचं वेड लावलं ते वॉल्टर क्वेन्सेल या व्यापाऱ्याने. तो जन्माने जर्मन, बेटावर दुकान चालवायचा. डब्यातून आलेल्या-गेलेल्या पाकिटांवर तो रबरी शिक्के मारू लागला. ‘डब्याचं टपाल’ अशा अर्थाचे शब्द वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या रंगांत. काही पाकिटांवर तर पत्ता लिहायला जेमतेम जागा उरलेली दिसते! मग दूरदूरचे लोक स्वतःच्याच नावाने पाकिटं पाठवू लागले, फक्त शिक्के मिळावेत म्हणून. काही संग्राहक अशा पाकिटांना कमी लेखतात. मला ते पटत नाही. पाकिटात काय लिहिलंय ते लाटांना कुठे ठाऊक असतं? पोहणाऱ्याला दोन्हींसाठी सारखंच पोहावं लागलं.

म्हणूनच जुन्या पाकिटावरचं तिकीट कधीही सोडवायचं नाही. नुसतं तिकीट सांगतं देश आणि किंमत. अख्खं पाकीट सांगतं तारीख, जहाज, वाट. आधी ते उलटं करून मागची बाजू बघा, कारण वाटेतल्या किंवा पोचल्याच्या गावाचा शिक्का बरेचदा तिथेच असतो.

समजा, नियुआफोऊच्या पाकिटावर ऑक्टोबर १९३० असा शिक्का दिसला. कान टवकारा! त्या महिन्यात तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. चंद्राची गडद सावली बहुतेक सगळी समुद्रावरूनच सरकत गेली आणि दुर्बिणी काही पाण्यावर मांडता येत नाहीत. म्हणून अमेरिका आणि न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ या एवढ्याशा बेटावर येऊन राहिले. त्यांची पत्रं जगभर गेली आणि बेटाचं नावही गेलं.

१९३१ नंतरची पाकिटं मात्र पोहत नाही, होडीतून गेली. त्या वर्षी शार्कच्या हल्ल्यात एका पोहणाऱ्याचा जीव गेला आणि टोंगाच्या राणी सालोटे यांनी पोहून टपाल नेण्यावर बंदी घातली. डबा राहिला, पण तो आणायला लाकडी होड्या जाऊ लागल्या.

आणि १९५० सालचं पाकीट? ते शोधत बसू नका. सप्टेंबर १९४६ मध्ये ज्वालामुखी फुटला, लाव्हाने आंगाहा गाव गिळलं, त्यात पोस्टही गेलं. डिसेंबरात हजाराहून जास्त माणसांना बेटावरून हलवलं. बरेच जण पुढे एउआ बेटावर वसले आणि १९५८ पासून काही कुटुंबं परतू लागली. संग्रहाच्या वहीत मधली पानं कोरी असतील तर ती संग्राहकाची चूक नव्हे, तेव्हा बेटच रिकामं होतं.

तुमच्या घरी जुनी पाकिटं असतील तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद कागद पिवळा करतो. पावसाळ्यात ओलीची भिंत टाळा, नाहीतर बुरशी धरते. आणि हात कोरडे ठेवा.

१९८३ साली नियुआफोऊवर विमानाची धावपट्टी झाली. त्याच वर्षापासून टोंगा या बेटाच्या नावाने वेगळी तिकिटं काढू लागलं. त्यांतल्या काहींवर मालाऊ पक्षी आहे. हा पक्षी मूळचा याच बेटावरचा. तो अंड्यांवर बसत नाही. गरम मातीत खोल खड्डा करून अंडी पुरतो आणि निघून जातो. ती उबवतो ज्वालामुखी!