बत्तीस लाख लोक बोलतात, मग काळजी कसली?

गळीत हंगाम सुरू झाला की अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला, समर्थ साखर कारखान्याच्या आसपास, ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. बंजारा कोपीतली आजी चुलीपुढून नातवाला 'बाटी' खायला हाक मारते. तिची बाटी म्हणजे आपली भाकर. आजीची हाक गोरबोलीत, म्हणजे बंजारांच्या बोलीत, नातवाचं उत्तर मराठीत.

भाषा मरते म्हटलं की लोकांना अंदमानची 'बो' आठवते. ती बोलणारी शेवटची बाई २०१० साली गेली. गोरबोलीला कसला आलाय धोका? २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी, म्हणजे हीच बोली, मातृभाषा सांगणारेच ३२ लाखांवर आहेत! आकडा खरा आहे. पण नातू आजीला मराठीत उत्तर देतो, तिथे त्या आकड्याचा काही उपयोग नाही. उद्या तो आपल्या लेकराशी कशात बोलणार, यावर सगळं आहे.

'ही हिंदीचीच बोली' हाही एक समज. जनगणनेनेच हे ३२ लाख हिंदीच्या खात्यात जमा केलेत, मग लोकांना काय बोलावं! गोरबोलीचं नातं राजस्थानी बोलींशी जास्त जवळचं, आणि हिंदी कळणाऱ्या मराठी माणसालाही ती ऐकून सहज कळत नाही.

लिपी नाही म्हणून भाषा नाही, असं म्हणणाऱ्यांनी कोकणीकडे बघावं. ती पाच लिप्यांत लिहिली गेली. गोरबोली इथे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत.

घरी बोली बोलली की पोराचं मराठी कच्चं राहतं, हा समज मात्र शिकलेल्या घरांतही पक्का आहे. लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. आईबाप कोयता घेऊन निघाले की पोराची अर्ध्या वर्षाची शाळा बुडते, आणि खापर फुटतं आईच्या भाषेवर.

आता नवा दिलासा निघालाय: मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, भाषा वाचली. ठेवावंच. पण बंजारा नवरी सासरी निघताना 'ढावलो' गाते, म्हणजे गाण्यातच रडते. आईच्या गळ्यात पडून वेगळं, भावाच्या गळ्यात पडून वेगळं. त्या वेळी दुसरीचा ढावलो मोबाइलवर लावून भागत नाही. शब्द तिचे तिलाच जुळवावे लागतात.