नाव कोणाचे, हौस कोणाची?

धाकट्या बंधूंना मुलगा झाला. बारसे चार दिवसांवर आले, तरी आत्याबाईंनी बाळाच्या कानात ‘अर्थ’ सांगावयाचे की ‘ओघ’, याचा निर्णय होईना. अर्थशास्त्राचा अध्यापक ‘अर्थ’च्याच पारड्यात मत टाकणार, ही घरच्यांची अटकळ मी खोटी ठरविली.

शब्दाचे नाव होऊ नये, असे नव्हे. प्रकाश, सागर, विकास हे मूळचे शब्दच. परंतु वापराने भाषेनेच त्यांचे संसार वेगळे केले : डोळे दिपतात ते प्रकाशाने, चहा आणला तो प्रकाशने. ‘अर्थ’ला ही सवलत मिळावयास एखादी पिढी जाईल, तोवर वर्गात त्याच्या प्रत्येक चुकीवर ‘अर्थाचा अनर्थ’ ठरलेला. दुर्मिळतेने मूल्य वाढते खरे, पण येथे हौस आईबापांची आणि खर्च मुलाच्या खाती!

घाईही नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाविना जन्मनोंद होते; बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. भावजयीला मात्र नाव बारशालाच हवे. मी ‘ओघ’ला मत दिले.

‘भाऊजी, गॅलरीतून हाक तरी मारून पाहा,’ ती म्हणाली.

मारली. शेवटचा ‘घ’ अंगणापर्यंत पोचलाच नाही.